अपग्रेड झाले, जुने माउंट मात्र राहिले : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

सेंटओएस 7 आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7 यांचा नियमित आधार 30 जून 2024 रोजी संपला. त्यानंतर ज्यांनी आपले सर्व्हर पुढच्या आवृत्तीवर नेले, त्यांच्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसते: अपग्रेड पार पडते, नवी प्रणाली सुरू होते, पण जुन्या डिस्कचे, जुन्या सामायिक डिरेक्टरीचे किंवा अपग्रेडपुरते केलेले माउंट, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीवर केलेल्या जोडण्या, कुठेतरी अडकून राहतात. या अंकात त्याच विषयावरची पाच पत्रे संक्षेपाने घेतली आहेत. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली असून लहान आणि कॅपिटल अक्षराने अर्थ बदलतो तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा सर्व्हर सेंटओएस 7 वर होता. नव्या डिस्कवर रॉकी लिनक्स 8 बसवले, ग्रंथालयाची माहिती दुसऱ्या नव्या डिस्कवर नक्कल केली आणि जुन्या एफएसटॅब फाइलमधल्या ओळी नव्या फाइलच्या शेवटी जोडल्या. आता सर्व्हर सुरू होताना दीड मिनिट थांबतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागतो. तिथे माहितीची डिस्क हाताने माउंट केली तर आज्ञा कोणतीही चूक दाखवत नाही, पण लगेच पाहिले तर माउंट नाहीसे झालेले असते. जुन्या ओळी काढून टाकल्या तर माहितीला धोका आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती दूर झाल्याशिवाय आपला हात पुढे जाणार नाही. एफएसटॅबमधली ओळ काढल्याने डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. ती फाइल म्हणजे सुरू होताना काय कुठे जोडायचे याचा नुसता इरादा आहे. प्रत्यक्षात काय जोडलेले आहे, हे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्वतःच्या तक्त्यात असते आणि तो ‘/प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो’ मध्ये किंवा ‘फाइंडएमएनटी’ या आज्ञेने वाचता येतो. या दोहोंच्या मध्ये हल्ली तिसरा एक कारभारी बसलेला आहे, तो म्हणजे सिस्टिमडी, यंत्र सुरू करून सेवा आणि माउंट सांभाळणारी यंत्रणा. आपल्याला पडलेले कोडे नेमके या तिसऱ्याच्या दप्तरात आहे.

आधी दीड मिनिटाचे पाहू. जुन्या ओळींमध्ये डिस्कची ओळख यूयूआयडीने दिलेली असणार. हा क्रमांक डिस्कच्या पेटीचा नसून तिच्यावर तयार केलेल्या फाइल सिस्टिमचा असतो, त्यामुळे नवी डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर फाइली नक्कल केल्या की माहिती तीच राहते आणि यूयूआयडी मात्र नवा होतो. सिस्टिमडी जुन्या क्रमांकाच्या डिस्कची ठरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे मूळ मांडणीत 90 सेकंद, वाट पाहते आणि ती आली नाही की, ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय नसल्यास, पुढे जाण्याचे नाकारते. स्वॅपची (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरील जागेची) जुनी ओळ तशीच राहिली असेल तर तीही वेळ खाते, पण इमर्जन्सी मोडपर्यंत नेणारी ओळ बहुधा माहितीच्या किंवा बॅकअपच्या डिस्कची असते.

इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड देऊन आत गेल्यावर रूट फाइल सिस्टिम, म्हणजे ‘/’ वर जोडलेली मुख्य फाइल सिस्टिम, केवळ वाचनासाठी जोडलेली आढळली, तर ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ ही आज्ञा द्यावी. मग ‘एलएसबीएलके -एफ’ ने आज यंत्राला जोडलेल्या डिस्कचे यूयूआयडी पाहावेत आणि एफएसटॅबमधील ज्या ओळीचा क्रमांक त्या यादीत नाही तिच्यापुढे हॅशचे चिन्ह घालावे. ओळ लगेच पुसू नये; जुना यूयूआयडी कोणता होता, हे पुढे कधी जुनी डिस्क परत जोडावी लागली तर उपयोगी पडते. शेवटी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ही आज्ञा चालवावी. ती आठव्या आवृत्तीत उपलब्ध आहे, एफएसटॅब ओळीओळीने तपासते आणि सापडत नसलेला स्रोत, अस्तित्वात नसलेली डिरेक्टरी किंवा कर्नलला न उमजणारा फाइल सिस्टिमचा प्रकार दाखवते. या शेवटच्या प्रकाराचा अनुभव बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना हमखास येतो, कारण रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीतून आणि म्हणून रॉकीच्या मूळ कर्नलमधूनही त्या फाइल सिस्टिमचा आधार काढून टाकलेला आहे.

आता हाताने केलेले माउंट नाहीसे का होते ते पाहू. सुरू होताना सिस्टिमडी एफएसटॅबच्या प्रत्येक ओळीपासून एक माउंट युनिट, म्हणजे त्या माउंटची स्वतःपुरती नोंद, बनवते आणि ‘/रन/सिस्टिमडी/जनरेटर’ मध्ये ठेवते. त्या युनिटचे नशीब त्या ओळीतल्या डिस्कशी बांधलेले असते: डिस्क गेली की माउंटही काढायचे. आपण नवी डिस्क त्याच डिरेक्टरीवर हाताने जोडता तेव्हा सिस्टिमडीला वाटते की तिचेच युनिट सुरू झाले, ती त्याची डिस्क शोधते, दप्तरात जुना यूयूआयडी सापडतो, तो यंत्रात नसतो, आणि ती शिस्तीत माउंट काढून टाकते. माउंट आज्ञेच्या बाजूने काहीच चुकलेले नसल्यामुळे पडद्यावर काही उमटत नाही. मात्र ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने प्रणालीच्या नोंदी पाहिल्यास हे युनिट निष्क्रिय युनिटशी बांधलेले असल्यामुळे तेही थांबवत आहोत, अशा आशयाची ओळ नक्की सापडेल. उपाय एका ओळीचा आहे: एफएसटॅब दुरुस्त करून ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ ही आज्ञा द्यावी. एफएसटॅबला हात लावल्यावर प्रत्येक वेळी ती द्यावी, अशी सवयच लावून घ्यावी. माउंट आज्ञेच्या अलीकडच्या आवृत्त्या तर तशी आठवण स्वतःच करून देतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या अडचणीवर अनेक ठिकाणी ‘सगळ्या ओळींना नोफेल लावा’ असा सल्ला दिला जातो. बॅकअपच्या डिस्कसाठी तो ठीक आहे, पण ज्या डिरेक्टरीवर डेटाबेस चालतो तिला तो लावणे मला घातक वाटते. डिस्क आली नाही तरी सर्व्हर सुरू होतो, डेटाबेस किंवा तिचा लॉग त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे रूट फाइल सिस्टिमवर, लिहू लागतो, आणि दोन दिवसांनी कोणी डिस्क जोडली की हे नवे लेखन तिच्याखाली झाकले जाते. मग फाइल सिस्टिमवरची जागा सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा रूट भरल्याचे सांगते आणि डिरेक्टऱ्यांतल्या फाइलींची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती जागा कुठे गेली ते सापडत नाही. असे झालेच असेल तर ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ या आज्ञेने रूट फाइल सिस्टिम दुसरीकडे दाखवून घ्यावी. वर जोडलेल्या डिस्क तिथे दिसत नाहीत आणि झाकलेल्या फाइली उघड्या पडतात. नोफेल ठेवणे भागच असेल, तर डेटाबेसच्या सेवेच्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या ओळीत त्या डिरेक्टरीचा मार्ग द्यावा, म्हणजे माउंट नसताना सेवाही सुरू होणार नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या सर्व्हरवर अपग्रेडनंतर ‘/ऑप्ट/जुने’ हे विभाजन (पार्टिशन) मोकळे करायचे आहे. ‘यूमाउंट’ केले की लक्ष्य व्यग्र आहे असे उत्तर मिळते. फाइली कोण वापरत आहे ते दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्युजर’ दोन्हींत एकही प्रोसेस दिसत नाही. दिवसा सर्व्हर बंद करता येत नाही. एका मित्राने ‘यूमाउंट -एल’ वापरायला सांगितले आहे. ते करावे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्राचा सल्ला थोडा वेळ बाजूला ठेवावा. ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्युजर’ ही दोन्ही साधने प्रोसेसच्या बाजूने पाहतात: कोणी फाइल उघडली आहे, कोणाची चालू डिरेक्टरी तिथे आहे, कोणाचा प्रोग्रॅम तिथून चालतो आहे. कर्नलने स्वतः एखादी फाइल धरून ठेवली असेल, तर तिच्यामागे प्रोसेस नसते आणि म्हणून दोन्ही यादी कोऱ्या येतात. अपग्रेडनंतर तर हे फार घडते. या दोन्ही आज्ञा रूट म्हणून चालवल्या होत्या ना, तेवढे मात्र आधी पाहून घ्यावे; सामान्य वापरकर्त्याला दुसऱ्यांच्या प्रोसेस दिसत नाहीत.

सर्वांत आधी ‘फाइंडएमएनटी -आर /ऑप्ट/जुने’ असे विचारावे. त्या विभाजनाच्या आत आणखी काही माउंट केलेले असेल, तर आतले काढल्याशिवाय बाहेरचे निघणार नाही. इथे कॅपिटल आर घ्यायचा. त्यानंतर ‘लोसेटअप -ए’ पाहावे. अपग्रेडसाठी आणलेली आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची प्रतिमा, याच विभाजनावर ठेवलेली आणि तिथूनच दुसऱ्या डिरेक्टरीवर माउंट केलेली असणे, हे माझ्या मते अशा पत्रांमागचे सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण आहे. आयएसओ ‘/एमएनटी’ वर जोडलेली, मूळ फाइल ‘/ऑप्ट/जुने’ मध्ये, आणि मधला लूप डिव्हाइस, म्हणजे फाइललाच डिस्कसारखे दाखवणारा दुवा, कर्नलच्या हातात. त्यामुळे ‘/ऑप्ट/जुने’ च्या आत कितीही शोधले तरी काही सापडत नाही. आयएसओचे माउंट काढले की लूपही सुटतो, आणि क्वचित राहिलाच तर ‘लोसेटअप -डी’ ने सोडवता येतो. अपग्रेडच्या वेळी जागा कमी पडली म्हणून तिथे तात्पुरती स्वॅप फाइल केली होती का, हे ‘स्वॅपऑन --शो’ सांगेल. तो विभाग एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली सामायिक करण्याच्या पद्धतीने, इतरांना दिलेला असेल तर कर्नलमधला एनएफएस सर्व्हर त्याला धरून असतो. ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ मध्ये तो दिसला तर आधी निर्यात काढावी आणि मग माउंट.

एवढे करूनही सुटले नाही, तर माउंट नेमस्पेसकडे, म्हणजे माउंट तक्त्याच्या वेगळ्या प्रतींकडे, वळावे लागते. कंटेनर आणि काही सेवा कर्नलच्या माउंट तक्त्याची स्वतःची प्रत घेऊन चालतात. तुम्ही मुख्य प्रणालीत काढलेले माउंट त्या प्रतीत जिवंत राहू शकते आणि मग गंमत अशी होते की ‘यूमाउंट’ यशस्वी होते, ‘डीएफ’ मध्ये काही दिसत नाही, पण विभाजन फॉरमॅट करायला गेले की ते वापरात असल्याचे सांगितले जाते. अशा वेळी ‘ग्रेप -एल’ या आज्ञेने ‘/प्रॉक’ खालच्या सर्व प्रोसेसच्या ‘माउंटइन्फो’ फाइलींमध्ये त्या मार्गाचे नाव शोधावे. ज्या प्रोसेसचा क्रमांक हाती लागेल ती सेवा पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा काम होते. ती सेवा थांबवता येत नसेल तर ‘एनएसएंटर’ ने तिच्या नेमस्पेसमध्ये शिरून तिथले माउंट काढता येते.

आता ‘यूमाउंट -एल’ विषयी. ही आज्ञा माउंट लगेच दिसेनासे करते आणि प्रत्यक्ष सुटका शेवटचा धरणारा सोडेल तेव्हा करते. म्हणजे अडथळा कोण आहे हे शोधण्याचा मार्गच आपण बुजवून टाकतो. विभाजन अजून कर्नलच्या ताब्यात असताना ते मोकळे समजून कोणी त्यावर दुरुस्तीची आज्ञा चालवली तर फाइल सिस्टिम खराब होते. आपल्याला विभाजन मोकळे करून वापरायचे आहे, तेव्हा आपल्यासाठी हा मार्ग नव्हे.

आणि ‘फ्युजर -केएम’ विषयी एक वेगळी सूचना, कारण हताश झालेला माणूस शेवटी तिथेच जातो. छोटा एम दिलेल्या मार्गाची फाइल सिस्टिम शोधतो. तो मार्ग त्या क्षणी माउंट केलेला नसेल, तर ती फाइल सिस्टिम रूटची निघते आणि के त्यावरच्या सगळ्या प्रोसेस मारतो, म्हणजे चालता सर्व्हर बसतो. लिनक्सच्या फ्युजरमध्ये यासाठी कॅपिटल एम हा पर्याय दिलेला आहे. तो सोबत असला की मार्ग खरोखर माउंट असेल तरच आज्ञा पुढे जाते. मारण्याची आज्ञा द्यायचीच असेल, तर दोन्ही एम द्यावेत.

प्रश्न : लीप या साधनाने 7 वरून 8 वर जाण्यासाठी अपग्रेडपूर्व तपासणी सुरू केली होती, ती मध्येच थांबवावी लागली. ‘/व्हार/लिब/लीप/स्क्रॅच’ मध्ये बरीच जागा अडकली आहे. ‘आरएम -आरएफ’ ने ती डिरेक्टरी काढून टाकली तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आज तरी नाही. लीप आपल्या चाचणीसाठी चालू प्रणालीवर आच्छादनाचे (ओव्हरले) माउंट करते, ज्यात बदल मूळ फाइलींवर न होता वरच्या वेगळ्या थरात होतात, आणि त्यात नव्या आवृत्तीची प्रायोगिक मांडणी उभी करते. काम पूर्ण झाले की ती हे सारे आवरते. मध्येच तोडले की काही माउंट तसेच राहू शकतात. आच्छादनातून फाइल पुसली तर खालची मूळ फाइल बहुधा वाचते, कारण पुसल्याची नोंद वरच्या थरात होते. बाइंड माउंटला, म्हणजे तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणाऱ्या जोडणीला, हे संरक्षण नसते: त्यातून पुसलेली फाइल म्हणजे मूळ फाइलच पुसली जाते. एखाद्या तात्पुरत्या मांडणीत ‘/डेव्ह’, ‘/सिस’ किंवा आपली माहितीची डिरेक्टरी बाइंड केलेली असेल आणि आपण वरून ‘आरएम -आरएफ’ चालवले, तर काय होईल ते सांगायला नको. 2016 मध्ये काही लॅपटॉपचे फर्मवेअर अशाच आज्ञेने बिघडले होते, कारण ‘/सिस’ च्या आत जोडलेल्या ईएफआय चलांच्या फाइलीही तिने पुसल्या. त्यानंतर लिनक्स कर्नलने त्या फाइलींपैकी बहुतेकांना पुसण्यापासून संरक्षण दिले.

सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करणे. हाताने किंवा साधनाने केलेले माउंट फक्त कर्नलच्या स्मृतीत असतात आणि बंद करताना जातात. सुरू झाल्यावर ‘फाइंडएमएनटी’ मध्ये स्क्रॅचखाली काही दिसले नाही, तर ती डिरेक्टरी ‘आरएम -आरएफ --वन-फाइल-सिस्टिम’ ने काढावी. हा पर्याय दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या उंबरठ्यावर थांबतो. तो पूर्ण कवच आहे असे मात्र समजू नये, कारण त्याच फाइल सिस्टिममधला बाइंड माउंट त्याला परका वाटत नाही.

पुन्हा सुरू करणे शक्यच नसेल, तर ‘यूमाउंट -आर’ ने, कॅपिटल आर घेऊन, आतून बाहेर असे माउंट काढावेत. तत्पूर्वी ‘फाइंडएमएनटी -ओ टार्गेट,प्रोपगेशन’ या आज्ञेतला दुसरा स्तंभ पाहावा. तिथे ‘शेअर्ड’ लिहिलेले असेल आणि ते माउंट ‘आरबाइंड’ ने (आतल्या माउंटसकट बाइंड) केलेले असेल, तर प्रतीतले ‘/डेव्ह/पीटीएस’ काढताना मूळ प्रणालीचेही निघून जाते आणि नवे टर्मिनल उघडेनासे होते. म्हणून आधी त्या मार्गाला ‘माउंट --मेक-आरस्लेव्ह’ लावावे आणि मग काढावे. आरस्लेव्ह केल्यावर वरच्या घडामोडी खाली येतात, खालच्या वर जात नाहीत.

प्रश्न : आमच्या फाइल सर्व्हरचे अपग्रेड करताना सामायिक डिरेक्टरी नव्या डिस्कवर नेली. तेव्हापासून वापरकर्त्यांच्या काही यंत्रांवर ‘डीएफ’ अडकून राहते, काहींवर ‘स्टेल फाइल हँडल’ असे येते. सर्व्हरवर ‘शोमाउंट -ए’ केले तर केव्हाच भंगारात गेलेली यंत्रेही माउंट केलेली दिसतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाच दिवशी दिसली म्हणून एक वाटतात.

‘स्टेल फाइल हँडल’ म्हणजे सर्व्हर बोलतो आहे, पण ग्राहकाने दाखवलेली ओळख त्याला पटत नाही. एनएफएसचे फाइल हँडल फाइलच्या नावावरून बनत नाही. त्यात फाइल सिस्टिमची ओळख, आयनोडचा (फाइलच्या अंतर्गत नोंदीचा) क्रमांक आणि त्याची पिढी असते. नव्या डिस्कवर नक्कल करताना नावे तीच राहिली तरी हे तिन्ही बदलले, त्यामुळे ग्राहकाच्या हातातली जुनी हँडल कायमची निरुपयोगी झाली. सर्व्हरवर काहीही केले तरी ती पुन्हा जिवंत होणार नाहीत. ग्राहकाने माउंट काढून नव्याने करावे, हाच उपाय आहे. पुढच्या वेळेसाठी असे ठरवावे की सामायिक डिरेक्टरी हलवण्याआधी सर्व ग्राहकांचे माउंट उतरवायचे. तीच डिस्क ठेवून केवळ प्रणाली बदलायची असेल, तर निर्यातीच्या ओळीत ‘एफएसआयडी’ हा पर्याय ठरावीक क्रमांकासह आधीपासून लिहिलेला असावा, म्हणजे डिस्कचा अंतर्गत क्रमांक बदलला तरी फाइल सिस्टिमची ओळख बदलत नाही.

‘डीएफ’ अडकणे याचा अर्थ उलटा आहे: सर्व्हरकडून उत्तरच येत नाही. एनएफएसचे माउंट मुळात ‘हार्ड’ असते, म्हणजे उत्तर येईपर्यंत ते वाट पाहते, आणि ‘डीएफ’ प्रत्येक माउंटला त्याची जागा विचारत असल्यामुळे पहिल्या मुक्या सर्व्हरपाशी थांबते. अशा यंत्रावर ‘डीएफ -एल’ वापरावे, ते फक्त स्थानिक डिस्क पाहते; किंवा ‘/प्रॉक/सेल्फ/माउंट्स’ वाचावे, कारण तो तक्ता कर्नलकडून येतो आणि दूरच्या सर्व्हरला विचारत नाही. अडकलेल्या प्रोसेस ‘पीएस’ मध्ये डी या स्थितीत दिसतील. लिनक्समध्ये त्या लोड ॲव्हरेजमध्येही मोजल्या जातात, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असताना लोड चढलेला दिसला तर घाबरू नये. उत्तर का येत नाही, याचे एक कारण अपग्रेडमध्येच असू शकते. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीतला एनएफएस सर्व्हर यूडीपीवरून सेवा देत नाही. जुन्या ग्राहकांच्या एफएसटॅबमध्ये, किंवा गरजेनुसार आपोआप माउंट करणाऱ्या ऑटोएफएसच्या नकाशात, ‘प्रोटो=यूडीपी’ असा पर्याय कोणी वर्षानुवर्षांपूर्वी लिहून ठेवलेला असतो; तो काढून टीसीपी करावे. बंद झालेल्या सर्व्हरचे माउंट काढताना ‘यूमाउंट -एफ’ आधी आजमावावे. इथे ते न चालल्यास ‘-एल’ वापरायला माझी हरकत नाही, कारण ग्राहकाला फॉरमॅट करण्यासारखे काही मागे उरत नाही.

भंगारातल्या यंत्रांची चिंता सोडावी. ‘शोमाउंट -ए’ ही यादी ‘/व्हार/लिब/एनएफएस/आरएमटॅब’ या फाइलमधून येते. ग्राहकाने नीट निरोप घेतला तरच तिथली ओळ पुसली जाते. यंत्राची वीज गेली किंवा ते थेट भंगारात निघाले तर ओळ राहते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचे ग्राहक तर या यादीत येतच नाहीत. म्हणून कोण जोडलेले आहे ते ठरवण्यासाठी तिचा आधार घेऊ नये. ‘एसएस’ आज्ञेने 2049 या पोर्टवर आज उघडी असलेली जोडणी पाहावी.

प्रश्न : आमच्याकडे अजून सोलारिस 10 ही युनिक्स प्रणाली चालते. लाइव्ह अपग्रेडची पायरी मध्येच फसल्यावर ‘/.ऑल्ट.टीएमपी’ ने सुरू होणारी अनेक माउंट दिसू लागली. ती काढली, पण नवे बूट एन्व्हायर्नमेंट (सुरू करता येणारी प्रणालीची स्वतंत्र प्रत) सुरू होत नाही. ‘/ईटीसी/एमएनटॅब’ मधून जुन्या ओळी पुसण्याचा प्रयत्न केला तर फाइल लिहू देत नाही. — एक वाचक, मस्कत

उत्तर : एमएनटॅब लिहू देणार नाहीच. सोलारिस 8 पासून ती साधी फाइल राहिलेली नसून कर्नलच्या माउंट तक्त्याचे केवळ वाचता येणारे रूप आहे. इराद्याची फाइल तिथे ‘/ईटीसी/व्हीएफएसटॅब’ आहे. बूट एन्व्हायर्नमेंटची माउंट काढताना शक्यतो ‘एलयूयूमाउंट’ वापरावे, आणि कोणत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये काय काय आहे ते ‘एलयूएफएसलिस्ट’ ने आधी पाहून घ्यावे.

आपली रूट झेडएफएसवर असेल, तर सुरू न होण्याचे कारण बहुधा यांपैकी कोणत्याच फाइलमध्ये नाही. झेडएफएस ही फाइल सिस्टिम माउंटची जागा डेटासेटच्या, म्हणजे आपल्या प्रत्येक विभागाच्या, गुणधर्मातच लिहून ठेवते. लाइव्ह अपग्रेडने तात्पुरता लिहिलेला ‘/.ऑल्ट.टीएमपी’ चा मार्ग फसलेल्या पायरीनंतर तिथेच राहतो आणि रूट स्वतःला भलत्याच जागी जोडू पाहते. फेलसेफमधून, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या किमान प्रणालीतून, सुरू करून ‘झेडपूल इंपोर्ट आरपूल’ करावे आणि ‘झेडएफएस लिस्ट -आर -ओ नेम,माउंटपॉइंट’ ने ‘आरपूल/रूट’ खालचे डेटासेट पाहावेत. इथे छोटा आर चालतो आणि डेटासेटच्या नावातला ‘रूट’ कॅपिटल अक्षरांत असतो. तात्पुरता मार्ग दिसला की त्या एन्व्हायर्नमेंटवर ‘झेडएफएस इन्हेरिट -आर माउंटपॉइंट’ चालवावे आणि मग त्याच्या मूळ डेटासेटला ‘झेडएफएस सेट माउंटपॉइंट=/’ द्यावे. ‘व्हार’ वेगळा डेटासेट असेल तर त्याचा मार्ग आता ‘/व्हार’ दिसतो की नाही, हे पुन्हा यादी काढून पाहावे आणि त्यानंतरच सर्व्हर नेहमीसारखा सुरू करावा.